कुलपांचा सलोखा

एका दुकानातून विकत घेतलेला डिजिटल चित्रपट दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये का चालत नाही? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यानं हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. अडचण तांत्रिक असणार, असं विचारणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते ती मुख्यतः नैतिक आहे.

गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी, अ‍ॅपलचं फेअरप्ले ही डीआरएमची, म्हणजे डिजिटल कुलपांची, तीन मोठी घराणी. 'कॉमन एन्क्रिप्शन' या मानकामुळे व्हिडिओ एकदाच कूटबद्ध करून तीच फाइल वेगवेगळ्या कुलपांना चालवता येते. प्रत्येक कुलूप आपापल्या परवान्यातून किल्ली देतं. यात प्रती साठवण्याचा खर्च वाचतो, म्हणून कंपन्यांचं जमलं. ग्राहकाचा हक्क मात्र दुकानाच्या उंबरठ्यापाशीच थांबला.

तो पुढे नेण्याचा प्रयत्नही झाला. २०११मध्ये हॉलिवूडच्या बहुतेक बड्या स्टुडिओंनी 'अल्ट्राव्हायलेट' आणलं. खरेदीची नोंद सामाईक खात्यात, चित्रपट कुठल्याही सहभागी दुकानातून पाहा. डिस्ने आणि अ‍ॅपल बाहेरच राहिले. ३१ जुलै २०१९ला ते खातंच बंद झालं.

कुलूपवाल्यांची बाजू पोकळ नाही. फेअरप्ले इतरांना दिलं तर त्यातली गुपितं फुटतील, असं स्टीव्ह जॉब्जनं २००७मध्ये लिहिलं होतं. गुपितावर उभी असलेली सुरक्षा जितक्या हातांत जाईल तितकी कमकुवत होते, हे खरंच आहे. आणि लेखकाला त्याच्या कष्टाचे पैसे मिळायलाच हवेत.

पण आपला कॉपीराइट कायदा काय म्हणतो पाहा. २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ असं कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, ते हक्कभंगाच्या हेतूनं तोडलं तर. कायदा हेतू विचारतो. कुलपाला तो कळत नाही. चोर आणि पैसे मोजलेला ग्राहक त्याला सारखेच. तीन कुलपांचं एकमेकांशी जमलं, तरी हे आंधळेपण जात नाही.

म्हणून जबाबदारी विकणाऱ्यावर येते. मासिक वर्गणीचा व्यवहार स्वच्छ आहे: पैसे थांबले, चित्रपट थांबला. पण बटणावर 'विकत घ्या' लिहायचं असेल, तर तो हक्क दुसऱ्या दुकानात नेता आला पाहिजे आणि पहिलं दुकान बंद पडल्यावरही टिकला पाहिजे. ते जमत नसेल, तर बटणावर 'भाड्यानं घ्या' लिहावं.