वहिवाट

खेड्यातल्या भांडणांत बांधाच्या खालोखाल मान वाटेचा. एकाचे शेत रस्त्याला लागून, दुसऱ्याचे त्याच्या आड. पुढच्याने काटेरी कुंपण घातले की मागच्याची गाडी अडली. मग दोघेही तालुक्याच्या गावी हेलपाटे घालू लागतात. वर्षानुवर्षे चालत आलेली शेताची वाट कोणी अडवली, तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याने दिला आहे. आणि वाट मुळातच नसेल, तर दुसऱ्याच्या बांधावरून ती मागण्याची सोय १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. कायद्याची भाषा रूक्ष खरी. परंतु तिच्या पोटात एक जुनी, शहाणी समजूत आहे. जमीन तुझी असेल, पण तिच्यापायी दुसरा कोंडला जाता कामा नये.

हीच जमीन शहरात ओढली गेली की ही समजूत कोठे जाते, हा माझा प्रश्न आहे.

पुण्याच्या कडेला, वाकड-बाणेरकडे किंवा कोंढव्याकडे, एकदा पायी हिंडून पाहावे. (मोटारीतून हे दिसत नाही.) एकेका गटाची जमीन एकेका बिल्डरने घेतली, आपल्या हद्दीपर्यंत सुरेख रस्ता केला, दुतर्फा झाडे लावली आणि हद्दीवर भिंत घातली. शेजारच्यानेही तेच केले. दोघांचे रस्ते समोरासमोर येऊन एकाच भिंतीला टेकतात; भेटत मात्र नाहीत. शेताचा बांध निदान ओलांडता तरी येत असे!

आता दिवाळीचेच घ्या. मागच्या इमारतीत आपली जुनी मैत्रीण राहते. तिचा आकाशकंदील आपल्या स्वयंपाकघरातून दिसतो, त्याच्या झिरमिळ्या मोजता येतात. पण फराळाचे ताट पोचवायचे तर आपले फाटक, हमरस्ता, चौक, वळसा, तिचे फाटक, रखवालदार आणि त्याची वही. ताट स्कूटरवरून जाते, किंवा जातच नाही. हे झाले हौसेचे. त्याच दोन इमारतींत धुणीभांडी करणारी बाई हा वळसा दिवसातून दोनदा, उन्हात, पायी घालते. भिंत घालताना तिची पावले कोणी मोजली होती?

हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९२९ साली रॅडबर्न नावाची वसाहत वसू लागली. मोटारींच्या सुळसुळाटातून मुलांना वाचवावे म्हणून तिथले रस्ते मुद्दाम बंद टोकांचे ठेवले. पण पायी चालणारांसाठी बागांतून वेगळ्या पाऊलवाटा काढल्या. मोटार अडावी, माणूस अडू नये, हा त्यातला विचार. पुढे ज्यांनी अनुकरण केले त्यांतल्या बहुतेकांनी बंद टोके तेवढी उचलली आणि पाऊलवाटा विसरले. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०१५ साली तिथल्या शंभर वर्षांच्या रस्त्यांचा हिशेब मांडला. कोणत्या तिठ्यावर, चौकावर किती रस्ते मिळतात, हे त्यांचे माप. तुटकपणा वाढत वाढत १९९४ च्या सुमारास शिगेला पोचला आणि मग ओसरू लागला, असे त्यांना आढळले. पण २०२० साली त्यांनी जगाचा हिशेब केला, तेव्हा १९७५ पासून एकंदर जग उलट त्या तुटकपणाकडेच चाललेले दिसले. ज्या वाटेने ते परत फिरू लागले, तिने आपण निघालो आहोत! आणि घर पाडून पुन्हा बांधता येते. रस्ता एकदा आखला की पणतवंडांनाही त्यावरूनच चालावे लागते.

भिंती घालणारांची भीती खोटी नाही. चोऱ्या होतात, पोरांना खेळायला निवांत जागा लागते. जुन्या वाड्यांनाही दिंडी दरवाजे होतेच, आणि रात्री अडसर पडत. पण दिवसा पुढच्या दाराने शिरून मागच्या बोळात निघणारा परका नसे.

उपायही परका नाही. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात तो होता : सर्वांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, मग ज्याला त्याला त्याचा तुकडा, थोडा लहान पण रस्त्याला लागून, परत द्यायचा. गुजरातने ती रीत सांभाळली. अहमदाबाद तिच्यावरच पसरत गेले. आपल्याकडे ती बराच काळ बासनात होती, हल्ली कोठे बाहेर निघू लागली आहे. प्रत्येकाने थोडे सोडायचे, ही अट मात्र आम्हांला अजून जड जाते.

माझ्या ओळखीच्या दोन संकुलांमधल्या भिंतीला पाच वर्षांपूर्वी भोक पडले. कोणी पाडले ते ठाऊक नाही. कामाच्या बायका तेथून जात, मग शाळेची मुले जाऊ लागली, मग निवृत्त मंडळीही धोतर सावरीत. समितीने ते दोनदा बुजवले; दोनदा पुन्हा पडले. वहिवाट म्हणून हक्क सांगावा, तर १८८२ च्या कायद्याला वीस वर्षे लागतात. गेल्या महिन्यात सभेने भोकाच्या जागी लहानसे फाटक बसवण्याचे कबूल केले. किल्ली कोणत्या बाजूच्या रखवालदाराकडे असावी, यावर एकमत झाले नाही. दिवाळीनंतर पुन्हा सभा आहे.