संताप आणि अन्याय

मन पेटले की अन्याय झालाच, असे आपण गृहीत धरतो. मन शांत असले की सारे ठीक आहे, असेही मानतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. संताप ही मनाची अवस्था आहे. अन्याय म्हणजे हक्काचे उल्लंघन, मग त्याचा कोणाला राग येवो वा न येवो.

अरबी भाषाविद 'जुल्म' या शब्दाचा अर्थ सांगतात: एखादी गोष्ट तिच्या जागी न ठेवता भलत्याच जागी ठेवणे. हा अर्थ रागालाही लागू पडतो. त्रिपुरातील हिंसेच्या निषेधार्थ 12 नोव्हेंबर 2021 रोजी अमरावतीत मोर्चा निघाला. मने दुखावली होती, हे स्वाभाविकच होते. पण त्या दिवशी दुकानांवर दगड पडले. त्या दुकानदारांचा त्रिपुराशी काय संबंध? दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये तेच उलट दिशेने घडले आणि शहरात संचारबंदी लागली. 13 मे 2023 रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल उसळली. एका माणसाचा जीव गेला. संतापाचे कारण खरे असले, तरी तो निरपराधाच्या दारात नेऊन ठेवला की त्याचाच जुल्म होतो.

सूरह अल-माइदाची आठवी आयत वैराची भावना नाकारत नाही. त्या भावनेपायी न्याय सोडू नका, एवढेच बजावते. एकाचे ओझे दुसऱ्यावर नाही, हे सूरह अल-अनआमने स्पष्ट केले आहे. रागाच्या भरात निवाडा करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी न्यायाधीशाला मनाई केली. राग साक्ष देऊ शकतो. निकाल देण्याचा अधिकार त्याला नाही.

आता दुसरी बाजू. वडिलांच्या शेताची वाटणी होते आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिने राजीखुशीने दिले तर गोष्ट वेगळी. पण माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. घरात कोणी आवाज चढवत नाही, रस्त्यावर मोर्चा निघत नाही. तरीही सूरह अन-निसाने ठरवून दिलेला हिस्सा तिच्यापर्यंत पोहोचला नाही. हाही जुल्मच आहे, आणि तो आपल्याच घरात बसला आहे.

म्हणून मन पेटेल तेव्हा विचारावे: हक्क कोणाचा गेला, कोणी घेतला, आणि तो मिळवण्याचा वैध मार्ग कोणता? मन शांत असेल तेव्हाही विचारावे: कोणाचा हक्क माझ्याकडे तर अडकलेला नाही ना?

अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर कायम ठेवो. आमीन.