नागअळी आणि खोडकिडा

हॉर्स चेस्टनट या वृक्षाला मराठीत रूढ नाव नाही, कारण हिवाळ्यातील कडक थंडीवाचून त्याचे भागत नाही आणि रायपूरच्या तेलीबांधा तळ्याकाठी तो मे महिन्याच्या उन्हात तगणार नाही. त्याचा हिमालयातील भाऊबंद कुमाऊँ-गढवालात 'पांगर' म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचे नाते केवळ नामसादृश्याचे आहे.

युरोपात हा वृक्ष रस्त्याच्या दुतर्फा उभा असल्याने त्याचे दुखणे चारचौघांत उघडे पडते. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून हिरवा भाग खाणारी त्याची नागअळी १९८०च्या दशकात मॅसिडोनियातील ओह्रिड सरोवराजवळ प्रथम आढळली आणि २००२ पर्यंत ब्रिटनमध्ये पोहोचली, तेव्हा ऐन उन्हाळ्यात तपकिरी पडलेली पाने पाहून लोक हळहळले. वास्तविक एवढ्याने झाड सहसा मरत नाही. खरा धोका खोडाची साल कुजवून तपकिरी स्राव गाळणाऱ्या जिवाणूचा आहे, आणि हाच जिवाणू १९६९ मध्ये भारतातील पांगरच्या पानांवरील ठिपक्यांतून वेगळा केला गेला होता.

छत्तीसगडचा राज्यवृक्ष असलेल्या सालाचे, म्हणजे तेथील बोलीतील 'सरई'चे, दुखणे याच्या उलट, दृष्टीआड चालते. खोडकिड्याची, म्हणजे 'साल बोरर' या भुंगेऱ्याची, अळी आधी सालीखाली आणि मग गाभ्यात शिरते, आणि बुंध्याशी साचलेला भुसा वनरक्षकाच्या नजरेस पडेपर्यंत आतले लाकूड पोखरून निघालेले असते. धडधाकट झाड राळ सोडून अळ्यांना बुडवते, पण दुष्काळाने खचलेल्या किंवा जरठ झाडाला ते साधत नाही. १९९७-९८ मध्ये मंडला-डिंडोरीच्या जंगलांत या किडीने लक्षावधी झाडे ग्रासली, तेव्हा किती झाडे तोडावीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कीड रोखण्यासाठी तोड करावीच लागते, हे खरे. मात्र साल हे मोलाचे इमारती लाकूड असल्याने उपचार कोठे संपतो आणि लाकूडतोड कोठे सुरू होते, ही शंका रास्तच होती.

त्या मानाने सापळ्याची जुनी पद्धत अधिक निर्मळ म्हणावी लागेल: ताज्या तोडलेल्या ओंडक्यांची साल ठेचून ठेवायची, रसाच्या वासाने जमलेले भुंगेरे गावकऱ्यांनी वेचायचे आणि नगावर मजुरी घ्यायची. हे काम पावसाच्या आरंभी चालते, कारण तेलीबांध्याच्या फिरस्त्यांना सुखावणाऱ्या पहिल्या सरींबरोबरच सालवनातले भुंगेरे खोडाबाहेर पडतात.