मद्यपी पित्याचा अधिकार

वडूजच्या एस. टी. स्थानकावर एका रविवारी सकाळी मी दहिवडीच्या गाडीची वाट पाहात बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक बाई व तिची सातआठ वर्षांची मुलगी होती. थोड्या वेळाने मुलीचा बाप आला. नवराबायको विभक्त असून रविवार बापाचा असा ठराव त्यांच्यात झालेला आहे, हे बोलण्यावरून समजत होते. मुलगी धावत जाऊन बापाच्या गळ्याशी बिलगली, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेऊन क्षणभर थांबली, आणि मग आईकडे पाहून तिने नकारार्थी मान हलविली. तेव्हा कोठे आईने कपड्यांची पिशवी पुढे केली. वास घेण्याचे हे काम तिला नेमून दिलेले असो वा तिने आपण होऊन पत्करलेले असो, त्यात ती चांगलीच तरबेज झालेली दिसली.

दारुड्या बापास मुलाची भेट द्यावी की नाही, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, कसाही झाला तरी बाप तो बाप. दुसरा म्हणतो, ज्याने संसाराची राखरांगोळी केली त्याचा अधिकार तेव्हाच संपला. वाद चालतो तो बापाच्या अधिकाराविषयी. मुलाचे त्यात नावही नसते. कायदा या बाबतीत आपल्यापुढे गेला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पालक म्हणून बापास पहिले स्थान दिले खरे, परंतु तेराव्या कलमात मुलाचे हित सर्वांत वरचे मानिले. पुढे १९९९ साली गीता हरिहरन यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बापा'नंतर' आई म्हणजे त्याच्या मरणानंतरच असे नव्हे.

घरात मात्र निराळाच कायदा चालतो. 'पोराच्या तोंडाकडे पाहून सुधारेल' हे त्याचे पहिले कलम. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून महाराष्ट्र सिंधूसाठी रडत आला आहे. माहेरच्या मदतीला हात न लावता ती दळण दळते, पतीस सोडीत नाही, आणि शेवटी पतीचा अपराधही झाकून घेते. परंतु त्या घरात एक तान्हे मूलही होते, आणि ते बापाच्याच हातून मेले. आईच्या पातिव्रत्याचा सोहळा पाहाताना त्या मुलाला तेथे कोणी ठेविले, हे विचारण्याचे प्रेक्षकांस सुचत नाही. मलाही पुष्कळ वर्षे सुचले नव्हते.

मुलाला औषध म्हणून बापासमोर ठेवण्यात आणखी एक क्रौर्य आहे. व्यसन हा आजार आहे, आणि सुटलेला मनुष्य पुन्हा घसरू शकतो, हे पुण्याचे मुक्तांगण किंवा साताऱ्याचे परिवर्तन यांसारख्या संस्थांतील मंडळी मोकळेपणाने सांगतात. बाप घसरला की मूल मनाशी म्हणते, मीच कमी पडलो. मोठ्यांस हे ऐकू येत नाही.

म्हणून भेट अजिबात तोडावी काय? मला तसे वाटत नाही. न दिसणारा बाप मुलाच्या मनात एक तर देव होतो, नाही तर राक्षस. शुद्धीत असलेला, जरासा ओशाळलेला, भेळ खाऊ घालणारा खरा बाप या दोहोंपेक्षा बरा. भेट आजोबांच्या घरी व्हावी. बाप पिऊन आला तर मूल बाहेर येण्यापूर्वीच कोणीतरी त्यास परत पाठवावे. मोटारसायकलवर पुढे बसवून मुलाला गावोगाव नेण्याची मुभा त्यास नसावी. आणि मूल परत आले म्हणजे 'बाबांनी घेतली होती का?' हा प्रश्न कोणीही विचारू नये. त्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तर बाप जातो, खोटे दिले तर आई फसते.

वास घ्यावयाचा तर तो मोठ्या माणसाने घ्यावा, हे लिहिणे सोपे आहे. ती बाई त्या दिवशी नवऱ्यापासून चार पावले दूर उभी होती. तो वास तिने किती रात्री सोसला असेल हे मनात आणता, आणखी जवळ जा असे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नसते. तिच्याबरोबर एखादा भाऊ किंवा दीर आला असता तर ते काम त्याचे होते. तसा कोणी आलेला नव्हता, आणि बाकावर बसलेले आम्ही सर्वजण गाडीच्या पाटीकडे पाहात होतो.