शुक्रवार नेमका कुठला?

'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' या वाक्याखाली लाल रेघ न ओढणारा इंग्रजीचा शिक्षक महाराष्ट्रात सापडणे कठीण. 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणासाठी आणि 'फॉर' कालावधीसाठी, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला आहे, आणि तो बरोबरही आहे. प्रश्न एवढाच, की या वाक्याने आजवर कोणाची गाडी चुकली? बोलणारा दहा वर्षांपूर्वी पुण्यात आला आणि अजून तिथेच आहे, हे लंडनच्या माणसालाही बिनचूक कळते. मराठीतले 'दहा वर्षांपासून' त्यात डोकावते, इतकेच. जर्मन आणि फ्रेंच विद्यार्थीही आपापल्या भाषेतल्या अशाच शब्दापायी नेमके इथेच अडखळतात. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'चेही तसेच. कानाला खटकते, पण अर्थाला कुठे धक्का लागत नाही.

खटकणारी चूक वेगळी आणि फसवणारी चूक वेगळी. आपले इंग्रजीचे शिक्षण पहिलीच्या मागे हात धुऊन लागते आणि दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. मुलाखतीला गेलेल्या मुलाला 'सिन्स टेन इयर्स' महागात पडू शकते, हे मान्य. पण ती किंमत मुलाखत घेणाऱ्याच्या कानाने ठरवलेली असते. कामाची मुदत चुकते, पैसे अडकतात, ते व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या शब्दांमुळे.

'शुक्रवारपर्यंत कागदपत्रे पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत मी नाशिकला आहे' ही दोन्ही वाक्ये मराठीत एकाच 'पर्यंत'वर भागतात. पहिल्यात शुक्रवार ही मुदत आहे; काम एकदाच व्हायचे, ते मंगळवारी उरकले तरी हरकत नाही. दुसऱ्यात शुक्रवार येईतो मुक्काम अखंड आहे. इंग्रजी पहिल्यासाठी 'बाय' वापरते आणि दुसऱ्यासाठी 'टिल' किंवा 'अन्टिल'. 'सेन्ड द डॉक्युमेंट्स टिल फ्रायडे' असे आपण लिहिले, तर शुक्रवार उजाडेपर्यंत कागद पाठवतच राहा, असा त्याचा ध्वनी निघतो. वाचणारा बहुधा सावरून घेतो.

आपण वाचणारे असलो की मात्र सावरून घेणारे कोणी नसते. 'ही डिड नॉट रिप्लाय अन्टिल मंडे' याचे शब्दाला शब्द ठेवून केलेले मराठी म्हणजे 'सोमवारपर्यंत त्याने उत्तर दिले नाही'. यावर मराठी वाचक थांबून राहतो: बरे, मग दिले की नाही? इंग्रजी वाचकाच्या लेखी उत्तर आलेले आहे, सोमवारीच. आपण हे 'उत्तर दिले ते थेट सोमवारी' असे म्हटले असते. वाक्यात नकार आणि बातमी होकाराची, हा प्रकार तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या पद्धतीने एकेका शब्दाला प्रतिशब्द लावून हाती लागत नाही. 'क्लोज्ड अन्टिल मंडे' ही पाटीही तशीच. इंग्लंडमधल्या दुकानावर ती असेल तर सोमवारी दार उघडे असण्याचा संभव जास्त. आपल्याकडे 'सोमवारपर्यंत सुट्टी' म्हटले की सोमवार सर्रास सुट्टीत धरला जातो.

काही ठिकाणी मराठीच जास्त काटेकोर असते. 'आठवड्यात काम संपवतो' आणि 'आठवड्याने परत येतो' यांतला फरक आपले प्रत्यय चोख सांभाळतात. इंग्रजीत दोन्हीकडे 'इन अ वीक' चालते. ते आपल्याला अपुरे वाटते, म्हणून दुसऱ्या ठिकाणी आपण 'आफ्टर' घालतो. फोनवर 'आय विल कॉल आफ्टर टेन मिनिट्स' खपून जाते. बिलावर 'पेमेंट आफ्टर थर्टी डेज' लिहिणाऱ्याने मात्र समोरच्याला मुदत घातलेलीच नसते. तीस दिवस उलटल्यावर केव्हाही द्या, अशी मोकळीक दिलेली असते. त्याला म्हणायचे होते 'विदिन'.

सगळ्यांत घातक शब्द 'फॉरवर्ड'. मराठीत बैठक पुढे ढकलली की ती लांबली, यात दुमत नाही. त्यामुळे 'द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड' असा निरोप वाचणारा मराठी माणूस निवांत होतो. प्रत्यक्षात ती बैठक अलीकडे आलेली असते आणि त्याच्या हातातले दिवस कमी झालेले असतात. 'मूव्ह्ड फॉरवर्ड' म्हटले तर जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांतही फूट पडते. बुधवारची बैठक दोन दिवस 'फॉरवर्ड' केली तर ती कोणत्या वारी, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी अनेकांना विचारून पाहिला आहे. काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो विमानतळावरच्या, रेल्वेतल्या आणि जेवणाच्या रांगेतल्या माणसांना विचारला होता. नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवारकडे अधिक झुकले. कोणाला तरी न्यायला आलेले त्या मानाने कमी. आपण काळातून चाललो आहोत असे मनात असेल, तर आपल्या पुढे म्हणजे शुक्रवार. काळच आपल्याकडे येतो आहे असे वाटत असेल, तर त्याच्या पुढे म्हणजे आपल्या जवळ, सोमवार. ज्या शब्दाचा अर्थ ऐकणारा विमानातून उतरला आहे की नाही यावर हलतो, तो कार्यालयीन पत्रात असू नये, असे मला वाटते.

या गोंधळावर भारतीय इंग्रजीकडे तोडगा आहे: 'प्रीपोन'. त्याची थट्टा करणारे आपल्याकडेच जास्त आहेत. शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात केव्हाच जाऊन बसला. परदेशी माणसाला तो प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटेल, पण 'पोस्टपोन' ठाऊक असलेल्याला अर्थ आपसूक लागतो. बैठक कुठल्या बाजूला सरकली, याबद्दल 'प्रीपोन' ऐकून कोणी बुचकळ्यात पडत नाही. हा शब्द वापरू नका असे शिकवणारे, त्या जागी 'मूव्ह फॉरवर्ड' सुचवताना काय साधतात?

अशा जागा आणखीही आहेत. बुधवारी 'नेक्स्ट फ्रायडे' म्हटले तर तो दोन दिवसांवरचा की त्याच्या पुढच्या आठवड्यातला, यावर इंग्रजी भाषकांचे एकमत नाही. 'येत्या शुक्रवारी' हा आपला प्रयोग असली शंका ठेवत नाही. अमेरिकेतला 'मंडे थ्रू फ्रायडे' शुक्रवार धरून असतो. 'बायमंथली'चे महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा असे दोन्ही अर्थ कोश देतात, तर पाक्षिक आणि द्वैमासिक यांत गल्लत करणारा मराठी वर्गणीदार विरळा. अर्थात आपणही फार तोरा मिरवू नये. 'परवा' मागचा आणि पुढचाही असतो. 'परवा आला', 'परवा येईल' यात क्रियापद लाज राखते, पण नुसती 'परवाची मीटिंग' म्हटली की विचारावेच लागते.

कायदा लिहिणाऱ्यांनी या शब्दांवर कधीच विसंबून राहणे पत्करले नाही. १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे नववे कलम एवढ्यासाठीच आहे: केंद्रीय कायद्यात 'फ्रॉम' वापरला की पहिला दिवस वगळायचा आणि 'टू' वापरला की शेवटचा धरायचा. दहावे कलम त्याहून व्यवहारी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय किंवा कार्यालय बंद असेल, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीतले मानायचे. इंग्रजी ज्यांच्या हाडीमासी मुरली होती त्यांनीही 'फ्रॉम' आणि 'टू'चा अर्थ कलम घालून बांधून घेतला. आपण मात्र सातवीच्या मुलाला रिकाम्या जागेत 'ॲट', 'ऑन' की 'इन' एवढेच विचारतो.

त्यापेक्षा त्याच्यापुढे एखादी सूचना ठेवावी, 'द ऑफिस विल रिमेन क्लोज्ड अन्टिल मंडे', आणि विचारावे: तू कोणत्या दिवशी जाशील, आणि जाण्याआधी फोन करून काय विचारशील? 'नेक्स्ट फ्रायडे'वरही असा प्रश्न काढता येईल. फक्त त्याची आदर्श उत्तरपत्रिका मंडळाला छापता येणार नाही, आणि तो कधी विचारला न जाण्याचे खरे कारण बहुधा हेच असावे.