पाचवी चिमणी



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय 10:26-33) प्रभू येशू चिमण्यांचा बाजारभाव सांगतो: एका पैशाला दोन. लूककडे हाच भाव दोन पैशांना पाच असा आहे. म्हणजे पाचवी चिमणी वर फुकट. गुलमंडीत खरेदी करणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको! पण देवाला त्या फुकटातल्या पाचवीचाही विसर पडत नाही.

गेल्या आठवड्यात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका आजारी आजींना पवित्र कम्युनियन द्यायला गेलो होतो. जिन्यातच रडण्याचा आवाज आला. मला वाटले, आजींचे काही बरेवाईट झाले. पण आजी खाटेवर बसलेल्या होत्या आणि रडत होता पाचवीतला नातू. पिंजऱ्याचे दार उघडे राहिले, लव्हबर्ड बाहेर आला आणि चालू पंख्यावर आपटला. (आपण लव्हबर्ड म्हणतो तो बहुधा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो, वजन जेमतेम 30-40 ग्रॅम. आपला हिरवा पोपट मात्र घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगतो.) पंख लोंबत होता, पिसांना रक्त लागले होते. आई चमच्याने त्याला पाणी पाजायला निघाली होती.

"पाणी नको!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्याला कारण आहे. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या पाळीव कबुतराला मांजराने धरले होते. मी त्याला सोडवले, छातीशी घट्ट धरले आणि चोच उघडून दूध पाजले. थोड्याच वेळात ते माझ्या हातात मेले. कित्येक वर्षे मी मांजराला दोष देत होतो. पुढे एका पशुवैद्यांनी सांगितले की पक्ष्याच्या जिभेमागेच श्वासनलिकेचे तोंड असते, चोचीत ओतलेले दूध-पाणी थेट त्यात जाऊ शकते. मूठ आवळली तरी तो गुदमरतो, कारण छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो. कदाचित मांजराच्या दातांनीच ते गेले असेल. पण माझ्या मायेने त्याला मदत झाली नाही, एवढे नक्की.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा 'विवेक' हा सद्गुण मी परीक्षेपुरता पाठ केला. भले करण्याची इच्छा पुरत नाही, भले कशाने होईल तेही शोधावे लागते. त्या पशुवैद्यांशी बोललो तेव्हा तो धडा मला खऱ्या अर्थाने कळला.

असो. आम्ही पंखा बंद केला. रक्त येत होते तिथे स्वच्छ कापड हलकेच दाबून धरले. चपलांच्या खोक्याला भोके पाडली, आत मऊ फडके घातले, पाखरू ठेवून झाकण लावले. अंधार आणि शांतता हेच त्याचे पहिले औषध. तासाभरात वडील आले आणि खोके घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पंख अंगाशी बांधून दिला.

पण तोवरचा तासच अवघड होता. नातू दर दोन मिनिटांनी झाकण उचलून पाहायचा. शेवटी आजी म्हणाल्या, "नको रे उघडूस. मलाही तुम्ही असंच सारखं उठवता."

घरात कोणी काही बोलले नाही. मीही नाही. आजारी माणसाकडे जाऊन दहा मिनिटांत प्रार्थना, उपदेश आणि पथ्यपाणी उरकून निघणाऱ्यांत मीही आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. त्या दिवशी मी मोबाइल बंद केला आणि खाटेजवळ तासभर नुसता बसलो.

निघताना नातवाने विचारले, "फादर, देव लक्ष ठेवतो, तर तो पंख्यावर कसा आपटला?" प्रभूने चिमणी पडणारच नाही असे म्हटलेले नाही. पडते तेव्हाही पिता तिच्याजवळ असतो, एवढेच म्हटले आहे. मी मुलाला हेच सांगितले. त्याचे समाधान झाले नाही, आणि मीही रेटले नाही.

पाखरू पुन्हा उडेल की नाही, हे डॉक्टरांना अजून सांगता येत नाही. ते दाणे मात्र टिपू लागले आहे.

आजींना भेटायला जाणाऱ्यांनी कृपया चारनंतर जावे आणि बेल वाजवू नये, दार लोटलेलेच असते. खोके आजींच्या खाटेखाली आहे.

आपला,
फादर