अडलेल्या कोंबडीचे ऋण

पाळीव कोंबडीचे अंडे आत अडते तेव्हा तिला सोडवणे हा उपचाराचा प्रश्न असतो, तसाच धर्माचाही. सेलूसारख्या वर्धा जिल्ह्यातील गावांत कोंबडी अंगणात चरते, खुराड्यात वसते. तिची अंडी घरात खाल्ली जातात, विकली जातात आणि पुढे तीही कापली जाते. जिला उद्या कापायचे तिच्या आजच्या वेणांसाठी कष्ट का घ्यावेत, असा आक्षेप म्हणूनच निघतो.

त्याचे उत्तर तिच्या देहाच्या घडणीत सापडते. रानकोंबडी वर्षाला जेमतेम १०-१५ अंडी घालते. माणसाने निवडून घडवलेल्या संकरित जाती ३०० च्या आसपास. गावरान कोंबडी या दोहोंच्या मध्ये येते. एक अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात, त्यांपैकी २० तास कवचात जातात. त्यासाठी लागणारे कॅल्शियम खाण्यातून मिळाले नाही तर ते हाडांतून ओढले जाते आणि रक्तात कमी पडल्यास अंडे ढकलणारे स्नायू दुबळे होतात. अंडे फार मोठे असणे, कोंबडी अंगाने सुटलेली असणे, पाणी कमी पडणे हीही कारणे आहेत. यांतली बरीचशी माणसाच्या हातची आहेत. ज्याने अंडी घेतली त्याच्यावर तिच्या अडचणीचेही ऋण येते. म्हणून येथे मदत हे पुण्य नसून फेड आहे.

विदर्भाच्या परंपरेत याहूनही पुढचा विचार आहे. लीळाचरित्रात शरण आलेल्या सशाला चक्रधरस्वामींनी पारध्यांपासून वाचवल्याची लीळा आहे. तो ससा स्वामींच्या काही उपयोगाचा नव्हता. आसरा मागणे हाच त्याचा हक्क ठरला. खुराड्यातल्या कोंबडीला तर आसरा माणसानेच दिलेला असतो.

मात्र दयेला ज्ञान लागते. पिसे फुगवून बसलेली, शेपूट खाली टाकून कुंथणारी, खाणे सोडलेली कोंबडी उबदार, शांत, अंधाऱ्या जागी ठेवावी. तिचे मागचे अंग पंधरावीस मिनिटे कोमट पाण्यात धरावे, गुदद्वाराला तेल लावावे, पाणी पाजावे. अंडे जोराने ओढू नये, आत फोडू नये; फुटलेल्या कवचाने अंडनलिका फाटून जंतुसंसर्ग होऊ शकतो. काही तासांत फरक न पडल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. तेथे कॅल्शियमचे इंजेक्शन देता येते. पुढे शिंपल्यांचा चुरा खाण्यात ठेवणे ही त्याच कर्तव्याची नित्याची बाजू.

सर्व उपाय थकले तर? हा प्रश्न गांधीजींपुढेही आला होता. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरण देवविले होते. त्यावर मोठा वाद झाला. न मारणे एवढ्यानेच अहिंसा पूर्ण होत नाही, कृतीमागचा हेतू आणि दुःखी जिवाचे हित पाहावे लागते, अशी त्यांची भूमिका होती. जैन विचाराने अशा मरणाला विरोध केला, कारण जीव घेण्याचा अधिकार दयेलाही नाही असे तो मानतो. मतभेद शेवटच्या पायरीवर आहे. वेदना दिसत असताना पाठ फिरवू नये, यावर दोन्ही पक्ष एक आहेत. राज्यघटनेच्या कलम ५१क मध्येही प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. पुढे कापली जाणारी कोंबडी या कर्तव्यातून वगळलेली नाही.